शिरोड्याची कथा, कोल्हापूरची कंपनी आणि मुंबईचे भांडवल

मराठी चित्रपटाचा इतिहास सामान्यतः दिग्दर्शकांच्या व नटांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता बोलपट कोणत्या वर्षी निघाला व त्यात कोणी भूमिका केल्या, याची नोंद सविस्तर आढळते. परंतु त्यासाठी पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि परत कोणाकडे गेला, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात तो प्रश्न मालवण किनाऱ्याच्या, म्हणजे १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, संदर्भात तपासावयाचा आहे. निर्मितीची केंद्रे कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे असताना या किनाऱ्याचा विचार का करावा, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, या प्रदेशाने मराठी बोलपटास कथा दिली, प्रेक्षक दिला आणि अखेरीस त्या धंद्याच्या दुखण्याचे निदान करणारा अध्यक्षही दिला. भांडवल मात्र तो देऊ शकला नाही. मराठी चित्रपट-कंपन्यांच्या ऱ्हासाचे कारण या एका उणिवेच्या आधारे बरेचसे उलगडते.

या प्रदेशाला करमणुकीचा व्यवसाय अपरिचित नव्हता. दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरत व देवळापुढे रात्रभर खेळ करीत. प्रेक्षकास तिकीट नसे. मंडळीचा मोबदला देवस्थान व गावकरी देत. या व्यवसायात गुंतवणूक थोडी, खर्च रोजचा आणि वसुलीही खेळ संपताच होणारी असे. बोलपटाचे अर्थकारण याच्या अगदी उलट आहे. येथे पहिल्या प्रतीवरच जवळजवळ सर्व खर्च होऊन जातो. पुढील प्रती त्या मानाने स्वस्त असतात. महिनोन्महिने पैसा अडकवून ठेवावा लागतो आणि प्रेक्षकाचे नाणे प्रदर्शक, कर व वितरक यांचे वाटे वजा होऊन मगच निर्मात्याच्या हाती पडते. ज्या प्रदेशाचे अर्थजीवन मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होते, तेथे असे दीर्घकाळ अडकणारे भांडवल उभे राहणे शक्य नव्हते.

वि. स. खांडेकर १९२० पासून वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे शिक्षक होते. १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापूर सिनेटोन सोडून 'हंस पिक्चर्स' ही संस्था काढली आणि तिच्या पहिल्याच बोलपटासाठी, 'छाया'साठी, खांडेकरांची कथा घेतली. पौराणिक कथेस जे भव्य देखावे लागतात ते सामाजिक कथेस लागत नाहीत. त्यामुळे बेताच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या संस्थेने कथेच्या बळावर बाजारात उतरावे, हा निर्णय वाङ्मयीन होता तसाच आर्थिकही होता. पुढे 'ज्वाला' (१९३८), 'देवता' (१९३९) व 'सुखाचा शोध' (१९३९) हे बोलपट खांडेकरांच्याच लेखणीतून उतरले. १९३८ मध्ये त्यांनी शिरोडे सोडून कोल्हापुरास वास्तव्य केले. कच्चा माल कारखान्याकडे जातो; त्याप्रमाणे येथे लेखक कंपनीकडे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

'हंस'चे अनेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाले. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा'च्या वेळीच ही पद्धत स्वीकारली होती. मराठी बोलपटाची बाजारपेठ भाषेच्या सीमेशी संपते. निर्मितीखर्च मात्र त्या सीमेकडे पाहून कमी होत नाही. तेच देखावे, तेच तंत्रज्ञ व बहुतेक तेच नट घेऊन हिंदी आवृत्ती काढल्यास थोड्या जादा खर्चात देशभरची बाजारपेठ खुली होते. हा हिशेब बरोबर होता. पण त्यात एक धोका होता. दुसऱ्या बाजारपेठेत उतरताच संस्थेची तुलना मुंबई-कलकत्त्याच्या बोलपटांशी होऊ लागे आणि खर्च वाढविणे भाग पडे. मोठ्या खर्चाचा 'ज्वाला' चालला नाही. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या 'ब्रह्मचारी'ने उत्तम यश मिळविले, परंतु एकाच्या नफ्याने दुसऱ्याची तूट भरून काढावयाची तर संस्थेच्या गाठीशी राखीव निधी व हाताशी भरवशाचे वितरण असावे लागते. प्रभातला स्वतःचा स्टुडिओ आणि बाबूराव पै यांच्या 'फेमस पिक्चर्स'चे वितरण यांचे बळ होते. 'हंस'ला तसे नव्हते. १९४० मध्ये 'नवयुग चित्रपट' ही मर्यादित भागभांडवलाची कंपनी उभी राहिली आणि खांडेकरांचा 'अमृत' (१९४१) तिच्या नावाने निघाला. विनायकांनी लवकरच तीही सोडून 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. संस्था वारंवार बदलत गेली याचे कारण केवळ व्यक्तींच्या मतभेदांत शोधणे पुरेसे नाही. प्रत्येक वेळी नव्या भांडवलाचा शोध त्यामागे होता.

या साखळीत किनाऱ्याचा प्रेक्षक कोठे बसतो? मालवण-वेंगुर्ल्याकडे रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. पावसाळ्यात आगबोटी बंद पडत आणि फिरत्या तंबूंचे खेळही थांबत. वितरकाच्या दृष्टीने हा मुलूख म्हणजे उशिरा व थोडे देणारे ठाणे होते. परंतु याच मुलखातील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामास होती. तेथील चित्रगृहांत त्यांनी भरलेले पैसे मुंबईचे उत्पन्न म्हणून नोंदले गेले. अर्थात किनाऱ्याची मागणी अस्तित्वात होती. केवळ ती किनाऱ्याच्या नावावर जमा झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा तोल पूर्ण बिघडविला. कच्ची फिल्म परदेशातून येई. बोलपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित झाली व १९४३ मध्ये परवानापद्धती आली. मोजकी फिल्म मिळत असेल, तर ती मोठ्या बाजारपेठेसाठी वापरण्याकडे निर्मात्याचा कल होणारच. 'प्रफुल्ल'ने खांडेकरांच्या कथेवरील 'माझं बाळ' (१९४३) व त्यानंतर 'गजाभाऊ' (१९४४) मराठीत काढले. पुढे 'बडी माँ' (१९४५) व 'सुभद्रा' (१९४६) हे हिंदी बोलपट निघाले. १९४७ मध्ये विनायकांचे निधन झाले.

युद्धकाळातील बेहिशेबी पैसा याच सुमारास धंद्यात शिरला. वाढत्या करांच्या निषेधार्थ ३० जून १९४९ रोजी देशभरची चित्रगृहे बंद राहिली. त्यानंतर भारत सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष स. का. पाटील हे याच मुलखाचे. मालवणच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. व्ही. शांताराम व न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे सभासदांत होते. १९५१ च्या अहवालाने दाखवून दिले की, फिल्मवरील नियंत्रण उठताच तीन महिन्यांत शंभराहून अधिक नवे निर्माते धंद्यात उतरले आणि नेतृत्व जुन्या संस्थांच्या हातून निसटले. चित्रपट-वित्त महामंडळ, प्रशिक्षण संस्था व चित्रपट परिषद यांची शिफारस समितीने केली. वितरकाच्या आगाऊ रकमेवर व सावकारी व्याजावर जगणाऱ्या धंद्यास संस्थात्मक पतपुरवठा मिळावा, हे या शिफारशींतील एक प्रमुख सूत्र होते.

निदान अचूक होते. उपचारास विलंब झाला. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. वित्त महामंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती प्रभातच्याच रिकाम्या झालेल्या स्टुडिओत. चित्रपट परिषद झालीच नाही आणि चित्रपटास उद्योगाचा दर्जा मिळण्यास १९९८ साल उजाडले.

यावरून निघणारा निष्कर्ष असा : मराठी बोलपट-कंपन्या कथेच्या, कलावंतांच्या वा प्रेक्षकांच्या अभावी बुडाल्या नाहीत. एका अपयशानंतर दुसरा प्रयत्न करू देणारी पत त्यांना मिळाली नाही. दशावतारी मंडळीचा एखादा खेळ फसला तरी पुढच्या जत्रेत तिला पुन्हा उभे राहता येई. चित्रपट-कंपनीस तशी दुसरी जत्रा नव्हती. या काळाचा अभ्यास करणाऱ्याने बोलपटांच्या सूचीबरोबरच करारपत्रे, कर्जरोखे व वितरणाचे हिशेबही इतिहासाची साधने म्हणून वाचले पाहिजेत.