मदरबोर्ड बदल आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक

'''लॅपटॉपचा अनुक्रमांक''' हा उत्पादकाने प्रत्येक यंत्राला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक होय. व्यवहारात त्याला सिरीयल नंबर असे म्हणतात. हा क्रमांक सामान्यतः दोन ठिकाणी असतो : लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या किंवा चिकटवलेल्या पट्टीवर आणि आतील मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्ये. दुरुस्तीच्या वेळी मदरबोर्ड बदलला की तळाची पट्टी जागच्या जागी राहते, पण चिप नवी येते. या नव्या चिपमध्ये मूळ क्रमांक लिहिला गेला नाही, तर यंत्राच्या बाहेरील आणि आतील ओळखीत तफावत निर्माण होते. अशा लॅपटॉपचे रोजचे काम बहुधा नीट चालते, त्यामुळे ही तफावत अनेकदा उशिरा लक्षात येते. हमी, सॉफ्टवेअरचा परवाना, कार्यालयीन नोंदी आणि न्यायालयीन पुरावा या बाबतींत मात्र तिचे परिणाम गंभीर असू शकतात.

== अनुक्रमांकाची साठवण ==

लॅपटॉप सुरू होताना सर्वप्रथम बायोस किंवा त्याचे आधुनिक रूप असलेले यूईएफआय हे सॉफ्टवेअर चालते. ते मदरबोर्डवरील एका लहान फ्लॅश चिपमध्ये साठवलेले असते. यंत्राची ओळख सांगणारी माहितीही बहुतेक वेळा त्याच चिपमध्ये राखीव जागेत असते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी बदलल्याने, अथवा विंडोज नव्याने टाकल्याने हा क्रमांक पुसला जात नाही, याचे कारण हेच होय.

ही माहिती कोणत्या रचनेत ठेवावी, हे एसएमबायोस या प्रमाणकाने ठरवले आहे. या प्रमाणकाची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये काही संगणक व बायोस कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केली. १९९९ पासून त्याची देखभाल डीएमटीएफ ही उद्योगसंस्था करते. एसएमबायोसमध्ये माहितीचे क्रमांकित तक्ते असतात. त्यांपैकी तीन तक्ते येथे महत्त्वाचे आहेत :

* '''तक्ता १ (संपूर्ण यंत्र)''' – उत्पादक, मॉडेलचे नाव, यंत्राचा अनुक्रमांक आणि यूयूआयडी हा १२८ बिटांचा ओळख क्रमांक.
* '''तक्ता २ (मदरबोर्ड)''' – बोर्डाचा स्वतःचा अनुक्रमांक.
* '''तक्ता ३ (सांगाडा)''' – बाहेरील आवरणाचा अनुक्रमांक.

मदरबोर्ड बदलल्यावर तक्ता २ मधील क्रमांक बदलणे स्वाभाविक आहे, कारण बोर्ड खरोखरच नवा असतो. तक्ता १ मधील क्रमांक मात्र यंत्राचा असल्याने तो पूर्वीचाच राहणे अपेक्षित असते. बहुतेक गोंधळ या दोन क्रमांकांतील फरक न समजल्यामुळे होतो.

== विसंगतीचे प्रकार ==

मदरबोर्ड निकामी होण्यामागे पाणी किंवा चहा सांडणे, वीजदाबातील चढउतार, पंख्यात धूळ साचून यंत्र तापणे आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागांतील बिघाड ही नेहमीची कारणे आहेत. बोर्ड बदलल्यानंतर क्रमांकाच्या संदर्भात पुढील स्थिती आढळतात :

* '''रिकामा क्रमांक''' – सुट्या भागाच्या रूपात आलेल्या नव्या बोर्डात यंत्राचा क्रमांक लिहिलेला नसतो. क्रमांकाच्या जागी काहीच दिसत नाही, किंवा ती जागा उत्पादकाने भरावयाची आहे अशा अर्थाचा ठरावीक मजकूर दिसतो.
* '''दुसऱ्याच यंत्राचा क्रमांक''' – भंगारातील किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला बोर्ड बसवला असता त्या लॅपटॉपचा क्रमांक सोबत येतो.
* '''चुकीचा क्रमांक''' – तंत्रज्ञाने क्रमांक हाताने भरताना शून्य आणि इंग्रजी ओ, किंवा एक आणि इंग्रजी आय यांची अदलाबदल केलेली असते.
* '''अपुरी माहिती''' – अनुक्रमांक बरोबर असतो, पण मॉडेल क्रमांक किंवा यूयूआयडी भरायचा राहून गेलेला असतो.

== उत्पादकांच्या पद्धती ==

मोठ्या कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांत बोर्ड बदलल्यानंतर क्रमांक पुन्हा लिहिणे हा दुरुस्तीचाच भाग मानला जातो. त्यासाठीची साधने मात्र सहसा अधिकृत सेवा केंद्रांपुरती मर्यादित ठेवली जातात. क्रमांक कोणालाही बदलता आला, तर चोरीच्या यंत्राची ओळख पुसणे सोपे होईल, हे त्यामागचे प्रमुख कारण आहे.

डेल कंपनीच्या लॅपटॉपला सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. अनेक मॉडेलांत रिकामा बोर्ड बसवून यंत्र प्रथम सुरू केले असता सर्व्हिस टॅग विचारला जातो. एकदा भरलेला टॅग नेहमीच्या मार्गाने बदलता येत नाही, म्हणून तो काळजीपूर्वक भरावा लागतो. एचपीच्या अनेक मॉडेलांचा सुटा बोर्ड निर्मिती अवस्थेत खुला असतो. या अवस्थेत अनुक्रमांक, उत्पादन क्रमांक आणि इतर तपशील भरून नंतर ती बंद केली जाते. लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेच्या देखभाल पुस्तिकांत अनुक्रमांक पुनर्स्थापित करणे आणि यूयूआयडी निश्चित करणे या स्वतंत्र पायऱ्या दिलेल्या आहेत. ॲपलच्या मॅकबुकमध्येही नव्या लॉजिक बोर्डावर क्रमांक लिहिण्याचे काम सेवा तंत्रज्ञ करतात.

स्थानिक दुरुस्ती दुकानांत चिप प्रोग्रामर या उपकरणाने जुन्या बोर्डावरील बायोस चिप वाचून त्यातील ओळखीची माहिती नव्या चिपवर उतरवली जाते. त्यासाठी जुनी चिप शाबूत असावी लागते. दोन बोर्डांच्या आवृत्तींत फरक असेल, तर संपूर्ण मजकूर जसाच्या तसा उतरवल्याने लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो.

== परिणाम ==

=== हमी आणि सेवा ===

कंपन्यांची संकेतस्थळे आणि निदान सॉफ्टवेअर यंत्रातील क्रमांक वाचून हमीचा काळ दाखवतात. क्रमांक रिकामा किंवा परका असल्यास हमी संपल्याचे किंवा यंत्रच नोंदीत नसल्याचे दिसू शकते. अशा वेळी तळाच्या पट्टीवरील क्रमांक, खरेदीची पावती आणि दुरुस्तीचे सेवापत्रक हे तीन कागद ग्राहकाची बाजू सिद्ध करतात.

=== विंडोजचा परवाना ===

विंडोज ८ (२०१२) पासून लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची उत्पादन किल्ली मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच साठवली जाऊ लागली. बोर्ड गेला की ती किल्लीही जाते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिजिटल परवाना यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो. त्यामुळे बोर्ड बदलल्यावर विंडोज सक्रिय नसल्याची सूचना येऊ शकते. ऑगस्ट २०१६ मधील अद्ययावतीकरणापासून हा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची आणि हार्डवेअर बदलानंतर पुन्हा सक्रिय करण्याची सोय उपलब्ध झाली. हे खाते दुरुस्तीपूर्वीच जोडलेले असणे फायद्याचे ठरते.

=== कूटबद्ध माहिती ===

सर्वांत मोठे नुकसान याच बाबतीत संभवते. बिटलॉकर ही विंडोजमधील सुविधा डिस्कवरील माहिती कूटबद्ध करते आणि तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा घटकाच्या आधारे जपते. टीपीएम मदरबोर्डवर किंवा त्यावरच जोडलेल्या प्रोसेसरमध्ये असतो. नव्या बोर्डाचा टीपीएम जुन्या डिस्कला ओळखत नाही आणि ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ही किल्ली नसेल तर डिस्क सुस्थितीत असूनही तिच्यातील माहिती वाचता येत नाही. नव्या बोर्डावर मूळ अनुक्रमांक अचूक लिहिला, तरी हा अडथळा दूर होत नाही, कारण टीपीएममधील गुपित अनुक्रमांकावर अवलंबून नसते. अनेक लॅपटॉपांत कूटबद्धीकरण आपोआप सुरू झालेले असते आणि वापरकर्त्याला त्याची कल्पना नसते.

ज्या लॅपटॉपांत साठवणुकीच्या चिप बोर्डावरच जोडलेल्या असतात, त्यांत बोर्डासोबत सर्व माहितीही जाते. २०१८ पासूनच्या टी-२ चिप असलेल्या मॅकबुकमध्ये आणि त्यानंतरच्या एम मालिकेतील मॅकबुकमध्ये माहितीचे कूटबद्धीकरण त्या विशिष्ट चिपशी बांधलेले असते.

=== संस्थांचे व्यवस्थापन ===

मोठ्या संस्था आपले लॅपटॉप दूरस्थ व्यवस्थापन प्रणालीत नोंदवतात. उदाहरणार्थ, विंडोज ऑटोपायलटमध्ये यंत्राची ओळख त्याच्या हार्डवेअर घटकांपासून तयार केलेल्या संकेतावरून ठरते. बोर्ड बदलल्यावर हा संकेत बदलतो. त्यामुळे जुनी नोंद काढून नवी करावी लागते. ती न केल्यास दुरुस्त झालेला लॅपटॉप संस्थेला परका ठरतो, तर जुना बोर्ड दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपमध्ये बसल्यास ते यंत्र मूळ संस्थेच्या नावाने सुरू होऊ शकते.

== पडताळणी ==

दुरुस्तीनंतर पुढील क्रमांक जुळवून पाहणे उपयुक्त असते :

# लॅपटॉपच्या तळाच्या पट्टीवरील क्रमांक;
# यंत्र सुरू करताना उघडणाऱ्या बायोस पडद्यावरील क्रमांक;
# विंडोजमधील सिस्टीमविषयक माहिती किंवा पॉवरशेलमधील बायोस तपशिलात दिसणारा क्रमांक, अथवा लिनक्सवर डीएमआयडीकोड या आज्ञेने मिळणारा क्रमांक;
# खरेदीच्या पावतीवरील आणि खोक्यावरील क्रमांक.

दुसरा आणि तिसरा क्रमांक एकाच चिपमधून वाचला जात असल्याने ते जुळणे हा पुरेसा पुरावा नसतो. त्यांची तुलना पहिल्या आणि चौथ्या क्रमांकाशी करावी लागते. दुरुस्तीला देण्यापूर्वी बायोस पडद्याचे छायाचित्र घेणे, माहितीची प्रत काढून ठेवणे आणि पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून घेणे या तीन गोष्टींनी बहुतेक अडचणी टळतात. लॅपटॉप पूर्णपणे बंद पडलेला असल्यास या गोष्टी करणे अवघड होते, म्हणून ही तयारी यंत्र चालू असतानाच करणे योग्य ठरते.

वापरलेला लॅपटॉप विकत घेतानाही हीच पडताळणी केली जाते. क्रमांक न जुळणे हा चोरीचा पुरावा नव्हे, कारण प्रामाणिक दुरुस्तीनंतरही अशी स्थिती उद्भवते. मात्र विक्रेत्याकडे बोर्ड बदलल्याचे सेवापत्रक नसेल, तर ती सावधगिरीची खूण मानली जाते.

== शासकीय आणि शैक्षणिक नोंदी ==

महाराष्ट्रात शासकीय कार्यालये आणि शाळा टिकाऊ वस्तूंची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत ठेवतात. संगणक व लॅपटॉप यांच्या बाबतीत मॉडेल आणि अनुक्रमांक हीच वस्तूची ओळख असते. वार्षिक पडताळणी, प्रभार हस्तांतरण आणि निर्लेखन या तिन्ही प्रसंगी नोंदवहीतील क्रमांक प्रत्यक्ष वस्तूशी जुळवला जातो.

बुलढाणा जिल्हा हे याचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. अमरावती विभागातील या जिल्ह्यात १३ तालुके असून घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर या भागांपासून घाटाखालील मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागांपर्यंत तहसील कार्यालये, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या शाळा पसरलेल्या आहेत. शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) आणि खामगाव येथील शासकीय तंत्रनिकेतन यांसारख्या संस्थांमुळे विद्यार्थ्यांमध्येही लॅपटॉपचा वापर मोठा आहे. कार्यालयातील लॅपटॉपचा बोर्ड बदलल्यावर नोंदवहीच्या शेरा रकान्यात दिनांक, नव्या बोर्डाचा क्रमांक आणि सेवापत्रकाचा क्रमांक लिहिला नाही, तर पुढे प्रभार घेणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे वस्तू बदलल्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ई-फेरफार आणि सातबाराच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरी वापरतात. ही स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये साठवलेली असल्यास मदरबोर्ड बदलल्याने ती बाधित होत नाही. टोकनचे सॉफ्टवेअर चालू असले की ते पूर्ववत वापरता येते.

== कायदेशीर बाजू ==

'''पुरावा''' : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. या नमुन्यात उपकरणाचे मॉडेल, रंग आणि अनुक्रमांक, तसेच अभिलेखाचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. पट्टीवरील आणि यंत्रातील क्रमांक वेगळे असतील, तर उलटतपासणीत उपकरणाच्या ओळखीवरच शंका घेतली जाऊ शकते. बोर्ड बदलल्याचे कागदपत्र अशा वेळी निर्णायक ठरू शकते.

'''चोरीची वस्तू''' : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार एखादी वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मूळ अज्ञात असलेला जुना बोर्ड बसवून घेणे ग्राहकाला आणि दुरुस्ती करणाऱ्याला अडचणीत आणू शकते.

'''मोबाईलशी तुलना''' : मोबाईलच्या आयएमईआय क्रमांकात फेरफार करण्यास कायद्याने स्पष्ट मनाई आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये दूरसंचार ओळख क्रमांकातील फेरफारासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हरवलेला मोबाईल सीईआयआर या केंद्रीय नोंदणीद्वारे जाळ्यावरून बंद करता येतो. लॅपटॉपच्या अनुक्रमांकासाठी अशी केंद्रीय नोंदणी नाही. म्हणून मालकाजवळील पावती आणि त्याने जपलेला क्रमांक यांचे महत्त्व अधिक आहे.

'''ग्राहक हक्क''' : दुरुस्ती अपुरी ठेवणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. त्यामुळे खरेदी पुणे किंवा मुंबई येथे झाली असली, तरी बुलढाणा जिल्ह्यातील रहिवाशाला बुलढाणा येथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीस शुल्क नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

== हेही पहा ==

* मदरबोर्ड
* बायोस
* आयएमईआय
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* बुलढाणा जिल्हा