कादंबरीपासून बोलपटापर्यंत : टी. पी. राजलक्ष्मी

हिंदी बोलपटाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे आपण मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरच्या दारांत येऊन उभे राहतों. १४ मार्च १९३१ रोजीं तेथें 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलूं लागला, एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण 'आलम आरा'साठीं उभारलेले सेट इंपीरियल कंपनीनें लागलीच मोडले नाहींत. त्याच वर्षीं त्याच सेटांवर आणखी एक बोलपट तयार झाला. त्याचें नांव 'कालिदास', आणि त्याची नायिका विशीच्या उंबरठ्यावरची, तंजावरकडून आलेली एक मुलगी होती. तामिळ बोलपटाची पहिली नायिका म्हणून टी. पी. राजलक्ष्मी यांचें नांव आतां इतिहासांत पक्कें झालें आहे. माझ्या मतें त्यांची खरी कामगिरी ही नव्हे. ती त्यांनीं पांच वर्षांनंतर केली. आणि तिचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळींत उरकून टाकण्यांत येतो.

राजलक्ष्मींचा जन्म १९११ सालीं तिरुवय्यारु या गांवीं झाला. कावेरीकांठचें हें गांव तंजावरपासून जवळ आहे. तंजावर म्हटलें कीं मराठी मनाला व्यंकोजी राजांची गादी आठवतेच. त्याच मराठे राजांच्या अमदानींत त्यागराजांनीं तिरुवय्यारूंत राहून आपलीं कीर्तनें रचलीं. राजलक्ष्मी लहान होती तेव्हां, १९२५ सालीं, बंगलोरच्या नागरत्नम्मा या गायिकेनें आपल्या पैशानें त्यागराजांच्या समाधीवर मंदिर बांधविलें. आणि त्याच ठिकाणीं वार्षिक आराधनेंत स्त्रियांनीं गाऊं नये असा दंडक होता. मंदिर बांधावें बाईनें, गावें मात्र पुरुषांनीं! अशा गांवची ही मुलगी.

वडील पंचापकेश शास्त्री हे गांवचे कर्णम्, म्हणजे आपल्याकडील कुळकर्णीच म्हणा. त्यांनीं मुलीचें लग्न सातव्या-आठव्या वर्षीं लावून दिलें. त्या काळीं यांत कोणास वावगें वाटण्याचें कारण नव्हतें. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ सालचा. हुंड्यावरून सासरचें बिनसलें आणि मुलगी माहेरीं परत आली. लौकरच वडीलही वारले. मायलेकींनीं त्रिचनापल्ली गांठली. मुलीच्या गळ्यांत गाणें होतें, आणि गाण्यावर पोट भरावयाचें तर नाटकमंडळीशिवाय दुसरें ठिकाण नव्हतें.

तामिळ रंगभूमीचे आचार्य शंकरदास स्वामिगळ यांच्या नजरेस ती पडली आणि तिचा रंगभूमीवर प्रवेश झाला. ब्राह्मणाच्या घरची, नवऱ्यानें टाकलेली मुलगी तोंडाला रंग लावून उभी राहते, या गोष्टीला त्या समाजांत काय म्हटलें गेलें असेल हें आपल्याला वेगळें सांगावयास नको. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्यें तारामतीसाठीं एकही स्त्री मिळाली नव्हती, आणि अखेर साळुंके नांवाच्या पुरुषाला लुगडें नेसवावें लागलें. तिकडची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. राजलक्ष्मी मात्र रंगभूमीवर टिकली आणि नांवारूपास आली. १९२९ च्या 'कोवलन्' या मूकपटानें तिला पडदाही दाखविला.

आतां 'कालिदास'कडे वळूं. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. हा बोलपट म्हणजे एक मोठी गंमतच होती. नायिका तामिळ बोले, नायक तेलुगूंत उत्तर देई, आणि कांहीं पात्रांचें बोलणें हिंदींत चाले. कथा कवि कालिदासाची. तरी तींत त्यागराजांचीं कीर्तनें होतीं, आणि गांधीजींच्या चरख्यावर मदुरेच्या भास्करदासांनीं रचलेलें एक पदही राजलक्ष्मी म्हणत असे! कालिदासाच्या काळीं गांधीजी कोठून आले, असें मद्रासेंतल्या प्रेक्षकांपैकीं कोणी विचारलें नसावें. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजीं किनेमा सेंट्रलमध्यें तो लागला आणि लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. पडद्यावरील बाई आपल्या भाषेंत बोलते, आपल्या गांवचें गाणें गाते, याचेंच त्यांना अपूर्व वाटलें. 'सिनेमा राणी' ही पदवी राजलक्ष्मीबाईंना याच लोकप्रियतेंतून मिळाली.

मद्रासेस स्वतःचा ध्वनिचित्रणाचा स्टुडिओ १९३४ पर्यंत नव्हता. त्यामुळें तामिळ बोलपट काढावयाचा म्हणजे नटनटी, वाजंत्री आणि स्वयंपाकी यांच्यासह सारा तांडा आगगाडीनें मुंबईस किंवा कलकत्त्यास न्यावा लागे. १९३३ चा 'वळ्ळि तिरुमणम्' असाच कलकत्त्यास झाला. विषय मुरुगन् आणि वळ्ळि यांच्या विवाहाचा. ज्या कार्तिकस्वामीचें दर्शन महाराष्ट्रांत बायका टाळतात, तोच दक्षिणेंत दोन बायकांचा नवरा आहे, हें ऐकून आपल्याकडील आजीबाई चकित होतील. या बोलपटानें भरपूर पैसा मिळवून दिला. त्यांत नारदाचें काम करणारे टी. व्ही. सुंदरम् यांच्याशीं राजलक्ष्मीबाईंनीं पुढें विवाह केला. पौराणिक नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे चालून येऊं लागल्या. त्या वेळीं एखाद्या नटीनें आणखी कशाची इच्छा धरावी?

पण बाई लिहीतही होत्या. 'कमलवल्ली' ही त्यांची कादंबरी एका तरुणीची कथा आहे. तिचें मन एकावर जडलेलें असतें आणि लग्न दुसऱ्याशींच लावून देण्यांत येतें. ज्या बाईचें स्वतःचें पहिलें लग्न न कळत्या वयांत लागलें आणि व्यवहारावरून मोडलें, तिनें हा विषय निवडावा यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुढेंच. कादंबरी पडद्यावर आणण्यासाठीं त्यांनीं ती कोणा निर्मात्याच्या हवालीं केली नाहीं. श्री राजम् टॉकीज ही स्वतःची कंपनी काढली, पटकथा आपण लिहिली, दिग्दर्शन आपण केलें, नायिकाही आपणच झाल्या. १९३६ सालीं 'मिस् कमला' प्रकाशित झाला. दक्षिण हिंदुस्थानांत स्त्रीनें दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. मुंबईस फातमा बेगम यांनीं 'बुलबुल-ए-परिस्तान' १९२६ मध्येंच काढला होता. पण ती परीराज्याची कथा होती. राजलक्ष्मीबाईंनीं उचललेला प्रश्न त्यांच्या प्रेक्षकांच्या माजघरांतला होता. त्याच सुमारास जन्मलेल्या आपल्या मुलीचें नांवही त्यांनीं कमला ठेवलें.

या धाडसाचें मोल आपल्याच वाङ्मयावरून ताडून पाहतां येईल. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्यें प्रसिद्ध झालें तेव्हां मराठी वाचकांत केवढी खळबळ उडाली! सुशिक्षित कुमारिकांच्या मनांतलें उघड सांगणाऱ्या लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपण नांवाच्या आड उभें राहावें लागलें, आणि ही बाई कोण याचा शोध लोक पुढें पुष्कळ दिवस घेत राहिले. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या समाजांतली ही स्थिति. विभावरीबाईंना मी भित्र्या म्हणत नाहीं. त्यांचें लेखन अधिक खोल आहे, हें निःसंशय. परंतु राजलक्ष्मीबाईंना आड उभें राहावयास जागाच नव्हती. कथा त्यांची, पैसा त्यांचा, आणि पडद्यावर दिसणारा चेहराही त्यांचाच. ही बाई आपलीच हकीकत सांगते आहे, अशी कुजबुज होणार हें त्यांना ठाऊक नसेल असें मला वाटत नाहीं. पुराणांतील द्रौपदीच्या आड लपणें किती सोपें होतें!

यानंतर त्यांनीं 'मदुरै वीरन्' हा लोककथेवरचा चित्रपट दिग्दर्शित केला. १९३८ च्या तामिळ 'नंदकुमार'मध्यें त्या नटी म्हणून होत्या. त्याचे दिग्दर्शक केशवराव धायबर, म्हणजे प्रभातच्या संस्थापकांपैकीं एक; तेव्हां आपल्या माणसांशीं त्यांचा पुन्हा एकवार संबंध आला. देशभक्तीच्या विषयावर काढलेल्या 'इंडिया ताय्' या बोलपटाला मात्र सेन्सॉरचा जाच झाला आणि त्यांत त्यांचा पैसा बुडाला. मोठ्या कंपन्या असा फटका एका वर्षांत भरून काढीत. एकट्या बाईच्या कंपनीला तें साधलें नाहीं. शिवाय चित्रपटसृष्टीचें भांडवल आतां मोठ्या स्टुडिओवाल्यांच्या हातीं जात होतें, नव्या नायिका येत होत्या, आणि दिग्दर्शन करणाऱ्या बाईला स्वतःच्या पैशाखेरीज दुसरा आधार नव्हता. राजलक्ष्मीबाई हळूहळू मागें पडल्या. १९६४ सालीं त्या निवर्तल्या.

त्यांचा हा सारा उद्योग ज्या फितीवर उतरला होता, ती नायट्रेटची फीत स्वभावतःच अल्पायुषी. नीट न जपल्यास ती कुजते, ठिणगी लागली तर भडकते. आणि जुने बोलपट चालेनासे झाले म्हणजे फितीवरील चांदीसाठीं त्या विकून टाकण्याची रीत होतीच. 'कालिदास'ची एकही प्रत उरलेली नाहीं, आणि 'मिस् कमला'ही आज पाहावयास मिळत नाहीं. कॅमेऱ्यामागें उभें राहून राजलक्ष्मीबाईंनीं कमलेचें दुःख कसें मांडलें, लग्नाच्या प्रसंगीं तिचा चेहरा जवळून दाखविला कीं दुरून, गाणें कोठें घातलें आणि कोठें तिला नुसतें गप्प बसविलें, हें सांगूं शकतील अशीं माणसें आतां राहिलीं नाहींत.