तुर्रेबाज खानाचा हल्ला का फसला? : 'अपयशी' या शब्दाच्या आत डोकावताना

आपल्याकडे कुणी जास्तच रुबाब करायला लागला की लोक म्हणतात, "स्वतःला मोठा तुर्रमखान समजतो!" मंठ्याच्या बाजारात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. हैदराबादकडे सांगतात की हा तुर्रमखान म्हणजे तुर्रेबाज खान. १७ जुलै १८५७ च्या संध्याकाळी त्याने हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला केला होता. हल्ला फसला, माणूस मारला गेला आणि त्याचं नाव टिंगलीचा शब्द म्हणून उरलं.

पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्या मित्रांसाठी आज हीच घटना घेतोय. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे इतिहासाकडेही 'कारण काय आणि ते कशावरून?' असंच बघतो. या घटनेवर सहसा एका ओळीचं उत्तर मिळतं: रोहिले कमी होते, इंग्रजांकडे तोफा होत्या, विषय संपला. हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. का, ते बघू.

आधी पार्श्वभूमी

१८५७ मध्ये आपला हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी एक फौज होती, तिचं नाव हैदराबाद कंटिन्जंट. या फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ च्या तहात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. मंठ्याहून लोणार जवळच, पण लोणार-बुलढाणा इंग्रजांच्या कारभाराखाली आणि मंठा निजामाकडे, अशी हद्द तेव्हा पडली.

ठिणगी आपल्याच भागात पडली. जून १८५७ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळात असंतोष उसळला. निजामाच्या हद्दीबाहेर जाऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायचं नाही, असं शिपायांचं म्हणणं होतं. कॅप्टन अ‍ॅबटने त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं. तेवढ्यात जनरल वुडबर्नची फौज पुण्याहून येऊन पोचली. शिपायांना रांगेत उभं केलं असताना मीर फिदा अलीने अ‍ॅबटवर गोळी झाडली. ती चुकली आणि फिदा अलीला फाशी झाली. पुढे २० पेक्षा जास्त जणांना गोळ्या घालून किंवा तोफेच्या तोंडी देऊन मारलं. शहरातला काला चबुतरा आजही या शिक्षांची आठवण म्हणून ओळखला जातो.

बुलढाण्याकडचा जमादार चीदा खान मात्र निसटला. १५ साथीदारांना घेऊन तो हैदराबादला गेला. निजाम आपल्याला आसरा देईल अशी त्याला आशा होती. पण दिवाण सालारजंगाने त्याला पकडून थेट रेसिडेंट कर्नल डेव्हिडसनच्या हवाली केलं. शहरात संताप उसळला तो यावरून.

१७ जुलैची रात्र

तो शुक्रवार होता. मक्का मशिदीतल्या नमाजनंतर वातावरण तापलं. तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या मागे रोहिल्यांचा जमाव निघाला, साधारण ५०० जण. शहर मुसीच्या दक्षिणेला आणि रेसिडेन्सी उत्तरेला. पावणेसातच्या सुमारास ते रेसिडेन्सीजवळ पोचले. पुतळी बावडीपाशी अब्बन साहेब आणि जयगोपाल दास या दोन सावकारांची घरं होती. ती त्यांनी ताब्यात घेतली, रेसिडेन्सीच्या बागेची भिंत फोडली आणि गोळीबार सुरू केला.

समोरून मद्रास हॉर्स आर्टिलरीच्या तोफांनी उत्तर दिलं. रात्रभर गोळीबार चालला. पहाटे चारच्या सुमारास हल्लेखोर घरं सोडून पांगले. चीदा खान कैदेतच राहिला.

मग फसला का?

इथे आपलं काम सुरू होतं. पहिला हायपोथिसिस अर्थातच संख्या आणि शस्त्रं. तो तपासायचा तर कंट्रोल पाहिजे, म्हणजे अशी घटना जिथे इंग्रजांची ताकद भरपूर होती तरी बंडवाले यशस्वी झाले.

अशी घटना आहे: मेरठ, १० मे १८५७. उत्तर हिंदुस्थानातल्या सर्वांत मजबूत गोऱ्या छावण्यांपैकी ती एक होती. गोरे सैनिक होते, तोफाही होत्या. तरी रविवारी संध्याकाळी शिपाई उठले, तुरुंग फोडून साथीदारांना सोडवलं आणि दिल्लीकडे निघून गेले. म्हणजे तोफा *असणं* पुरेसं नाही. त्या योग्य वेळी योग्य ठिकाणी तोंड करून उभ्या असाव्या लागतात.

हैदराबादला त्या उभ्या होत्या, कारण सालारजंगाने रेसिडेंटला आधीच कळवलं होतं. भर मशिदीत तापलेली गोष्ट दिवाणापासून लपणार कशी? डेव्हिडसनला तयारीला वेळ मिळाला. मेरठ आणि हैदराबाद यांच्यात मला सगळ्यात ठळक दिसणारा फरक हाच आहे: आगाऊ खबर.

हे फक्त आपल्याकडचं आहे का, म्हणून एक दूरचं उदाहरण. १७९८ च्या आयरिश उठावात २५ मेच्या पहाटे कार्लो नावाच्या लष्करी ठाण्याच्या गावावर बंडखोर चालून गेले. हल्लेखोर हजाराच्या वर, गावातली फौज त्याच्या निम्मीही नाही. पण फौजेला खबर होती. तिने बंडखोरांना बिनधास्त गावात येऊ दिलं आणि मग घरांच्या खिडक्यांतून गोळ्या घातल्या. ज्या झोपड्यांत लोक लपले त्या पेटवून दिल्या. सुमारे ५०० माणसं मेली. इथे संख्या बंडखोरांच्या बाजूने होती, तरी निकाल तोच.

गंमत बघा, कार्लोमध्ये घरांच्या आत फौज होती आणि हैदराबादमध्ये घरांच्या आत बंडखोर. घराच्या आडोशाने हैदराबादचे लोक रात्रभर टिकले. पण आडोसा बचावाला उपयोगी पडतो, पुढे घुसायला नाही. मोकळी बाग ओलांडायची तर समोर तोफा.

तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणाल आणि बरोबरच म्हणाल. पण 'संख्या आणि शस्त्रं' हे एकमेव कारण नव्हतं, एवढं म्हणायला ती पुरेशी आहेत. एखादा दावा मोडायला एक चांगलं उलटं उदाहरण पुरतं.

ते वेडे होते का?

निकाल माहीत असताना मागे वळून बघितलं की हल्ला वेडेपणा वाटतो. पण १७ जुलैला त्यांच्यासमोर काय होतं? दिल्ली अजून बंडवाल्यांच्या हातात होती, ती पडली सप्टेंबरमध्ये. हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली ती नेमकी त्याच दिवशी. ती बातमी त्या संध्याकाळी हैदराबादच्या जमावाला कळणं शक्यच नव्हतं. अफजलुद्दौला मे महिन्यातच गादीवर आलेला, म्हणजे नवा निजाम. आणि मुंबईच्या गव्हर्नरलाही धास्ती होती की निजाम गेला तर सगळंच गेलं. ज्या गोष्टीची इंग्रजांना भीती होती, तीच या लोकांची आशा होती: सुरुवात आपण करू, शहर आणि दरबारची फौज मागून येईल. शहर आलं नाही. दिवाण तर समोरच्याच बाजूला होता.

माझ्या मते त्यांचं गणित शक्यतेच्या बाहेरचं नव्हतं. त्यातला एक आकडा चुकला, तो म्हणजे सालारजंग.

कागद कुणी लिहिला?

या रात्रीबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक रेसिडेन्सीच्या अहवालांतून आणि पकडलेल्यांच्या चौकशीतून. तिथे 'जमाव', 'रोहिले', 'दंगेखोर' असेच शब्द येणार. म्हणून असा कागद वाचताना विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदं बघा. माणसाने *केलं* काय?

तुर्रेबाज खान काही दिवसांतच पकडला गेला. मौलवी कुठे लपलाय हे त्याने सांगितलं नाही, अशी नोंद आहे. त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जानेवारी १८५९ मध्ये तो कैदेतून पळाला, त्याच्यावर ५,००० रुपयांचं इनाम लागलं आणि तूपरानजवळ त्याला गाठून मारलं. प्रेत हैदराबादेत आणून लोकांसमोर टांगलं. मौलवी अल्लाउद्दीन अंदमानातच वारला. नुसत्या दंगेखोराचा सरकार इतका धसका घेत नाही. हल्ल्यानंतर रेसिडेन्सीची तटबंदी वाढवली गेली, हीसुद्धा एक नोंदच आहे, फक्त दगडात केलेली.

अपयश कुणाचं, कशात?

चीदा खान सुटला नाही, रेसिडेन्सी पडली नाही. या दोन्ही कसोट्यांवर हल्ला फसला. पण परिणाम तिथे थांबले नाहीत. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं: ५० लाखांचं कर्ज माफ, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिव परत. वऱ्हाड मात्र नाही. धाराशिव निजामाकडे आलं आणि पुढे १९४८ पर्यंत राहिलं. बुलढाणा दुसरीकडेच राहिला. आज आपण 'मराठवाडा' आणि 'विदर्भ' म्हणतो, त्या रेषेचा एक तुकडा त्या निष्ठेच्या हिशोबात आहे, आणि त्या हिशोबात १७ जुलैची रात्रही धरलेली आहे.

तुमच्या विषयातही 'अपयशी' असा शिक्का मारून बंद केलेला एखादा प्रयोग, एखादं आंदोलन, एखादी योजना असेलच. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तिला चार प्रश्न विचारा. कोणत्या उद्दिष्टाच्या तुलनेत अपयशी? उलटं उदाहरण कुठे आहे? निर्णय घेताना त्या लोकांना काय माहीत होतं? आणि शिक्का मारणाऱ्याचा त्यात काय फायदा होता?

हैदराबादला कोठीच्या बसस्टँडकडे गेलात तर तुर्रेबाज खानाचं स्मारक बघून या. समोरच जुनी रेसिडेन्सी आहे. तिथे आता मुली शिकतात.