हॅकिंटॉशची हकीकत

एखाद्या गृहस्थानें पैसे मोजून पुस्तक विकत आणलें, तर तें त्यानें कोणत्या दिव्याखालीं वाचावें हें प्रकाशकानें सांगावें काय? प्रश्न चमत्कारिक दिसतो खरा; परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संगणकाच्या जगांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागतां लागतां प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलें. येथें पुस्तकाच्या जागीं होती ॲपल कंपनीची मॅक ही कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांकडून काम करून घेणारी मूळ आज्ञावली. आणि दिव्याच्या जागीं होता बाजारांतील सुटे भाग आणून घरीं जुळविलेला संगणक. या विजोड जोडीला ‘हॅकिंटॉश’ असें नांव पडलें.

हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याचे बहुतेक भाग इतरांकडून घेतलेले होते. साहजिकच थोड्याच काळांत दुसऱ्या कारखानदारांना तशींच यंत्रें करतां आलीं, आणि मायक्रोसॉफ्टनें आपली प्रणाली त्या सर्वांना विकली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेला मनुष्य एका दुकानांतून मदरबोर्ड, दुसऱ्यांतून प्रोसेसर आणि तिसऱ्यांतून डबा घेऊन घरीं येतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर विंडोज चालू करतो, हा त्या मोकळेपणाचाच दूरचा परिणाम होय. ॲपलचा बाणा अगदीं उलट. २४ जानेवारी १९८४ रोजीं मॅकिंटॉश निघाला, तेव्हांपासून त्या कंपनीनें यंत्र आणि प्रणाली हीं एकाच घरचीं मानलीं. त्यापूर्वींच फ्रँकलिन नांवाच्या एका कंपनीनें ॲपलच्या जुन्या यंत्रांतील आज्ञावली जशीच्या तशी उतरून घेतली होती. १९८३ सालीं अपिलाच्या न्यायालयानें ॲपलच्या बाजूनें कौल दिला आणि कार्यप्रणालीलाहि ग्रंथाप्रमाणेंच लेखनाधिकाराचें संरक्षण आहे हें ठरून गेलें. मध्यंतरीं, १९९५ पासून, ॲपलनें स्वतःहून कांहीं कंपन्यांना मॅकसारखीं यंत्रें करण्याचे परवाने दिले. पण परवानेदारांनीं नवीं गिऱ्हाइकें आणण्याऐवजीं ॲपलचींच गिऱ्हाइकें ओढलीं. स्टीव्ह जॉब्ज परत आल्यावर १९९७ सालीं त्यांतल्या प्रमुख कंपनीचा, पॉवर कंप्युटिंगचा, मॅकचा धंदा दहा कोटी डॉलरला विकत घेऊन हा प्रयोग गुंडाळण्यांत आला.

इतके दिवस एक नैसर्गिक तटबंदीहि होती. मॅकमध्यें पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर असे आणि इतर संगणकांत इंटेलचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. ही तटबंदी खुद्द ॲपलनेंच पाडली. ६ जून २००५ रोजीं सॅनफ्रान्सिस्को येथें जॉब्ज यांनीं जाहीर केलें कीं यापुढें मॅकमध्यें इंटेलचे प्रोसेसर बसतील. शिवाय गेलीं पांच वर्षें मॅक प्रणालीची प्रत्येक आवृत्ति इंटेलसाठींहि गुपचूप तयार होत आली आहे, हेंहि त्यांनीं त्याच दिवशीं उघड केलें. आज्ञावली लिहिणाऱ्यांना सराव व्हावा म्हणून एक तात्पुरतें यंत्र ९९९ डॉलर घेऊन वापरण्यास देण्यांत आलें, आणि तें २००६ च्या अखेरीस परत करावयाचें होतें. बाहेरून तो मॅकचा ॲल्युमिनियमचा डबा. आंत मात्र ३.६ गिगाहर्ट्झचा साधा पेंटियम ४. डबा उघडून पाहणाऱ्यांना पुढचें सांगावें लागलें नाहीं. कांहीं आठवड्यांतच त्या प्रणालीच्या चोरट्या प्रती हातोहात पसरल्या आणि ऑगस्टपर्यंत ती बाजारी संगणकांवर चालूं लागली. आरंभ असा चोरीच्या मालानें झाला, ही गोष्ट हॅकिंटॉशच्या अभिमान्यांनींहि झांकून ठेवूं नये.

जानेवारी २००६ मध्यें इंटेलचे खरे मॅक विक्रीस आले आणि त्यांबरोबर पहाराहि आला. या यंत्रांत पंखे, उष्णता आणि वीज यांवर देखरेख करणारी एक लहानशी चिप असते. तीमध्यें चौसष्ट अक्षरांचा एक मजकूर सांठविलेला आहे. आमचे श्रम चोरूं नका, असा त्याचा मतितार्थ. त्या मजकुराच्याच किल्लीनें प्रणालीचे कांहीं महत्त्वाचे भाग उलगडतात, आणि हें काम करणाऱ्या घटकाचें नांवसुद्धां मॅकची प्रणाली चोरूं नका असेंच ठेवलेलें. कुलपाच्या दातांतच विनंति कोरणारा मालक विरळाच! कुलूप अर्थात् फार दिवस टिकलें नाहीं. त्या चिपेचें सोंग घेणारी एक छोटी आज्ञावली लिहिली गेली. प्रणालीनें प्रश्न विचारला कीं ती मुकाट्यानें तेंच उत्तर देई.

परंतु कुलूप उघडणें हा या विद्येचा सोपा भाग होता. खरी कसोटी पुढें लागे. मॅक जागा होतो तो ‘ईएफआय’ नांवाच्या रचनेनें. त्या काळचे बाजारी संगणक जागे होत जुन्या ‘बायोस’नें. तेव्हां मध्यें एक दुभाष्या उभा करावा लागला. आरंभीं ‘बूट-१३२’, मग ‘कॅमिलिऑन’, मग ‘क्लोव्हर’, आणि २०१९ पासून ‘ओपनकोअर’ अशी या दुभाष्यांची परंपरा आहे. यंत्र सुरू झाल्यावर प्रणालीच्या आधीं हा दुभाष्या उठतो आणि समोर अमुक सालचा अमुक मॅक उभा आहे असें तिला पटवून देतो. पहिल्या काळांत लोक प्रणालीच्याच फाइली बदलीत. मग कंपनीची नवी सुधारणा आली कीं बदललेल्या फाइली पुसल्या जात आणि सकाळीं बोलणारा संगणक संध्याकाळीं मुका होई. पुढें सर्व फेरफार डिस्कच्या एका वेगळ्या लहान विभागांत ठेवून ते सुरू होण्याच्या क्षणीं केवळ स्मृतींत करण्याची रीत आली. मूळ प्रणालीला हात न लावण्याची ही शिस्त म्हणजे या मंडळींची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

भाग निवडतांना एकच नियम उपयोगी पडे: ॲपलनें स्वतः जें वापरलें असेल, किंवा त्याच्या जवळचें असेल, तेंच घ्यावें, कारण कंपनी चालकआज्ञा लिहिते त्या आपल्याच घरच्या अवयवांसाठीं. हा नियम मोडणाऱ्याची फजिती ठरलेली. २०१८ च्या ‘मोहावी’ आवृत्तींत एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक कार्डांना आधार मिळेना, तेव्हां किती तरी लोकांचीं महागडीं कार्डें एका दिवसांत बिनकामाचीं झालीं आणि एएमडीच्या साध्या आरएक्स ५८० ला एकाएकीं मानाचें पान मिळालें.

दुखण्याचें निदान करण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. यंत्र सुरू होतांना नुसतें सफरचंदाचें चित्र दाखवूं नये, प्रत्येक पायरी अक्षरांत लिहून दाखवावी, अशी आज्ञा देतां येते. पडद्यावरून ओळी भराभर सरकतात आणि एका ओळीवर सारें थबकतें. ती शेवटची ओळ म्हणजे रोग्याची नाडी. ‘मूळ डिस्कची अजून वाट पाहत आहे’ या अर्थाची ओळ आली, कीं जाणता मनुष्य आधीं बायोस उघडून डिस्कची मांडणी ‘आयडीई’वरून ‘एएचसीआय’वर आणी; पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागे. २०१५ च्या आवृत्तीपासून एका नियंत्रकावर १५ हून अधिक यूएसबी दारें चालेनाशीं झालीं, आणि नव्या जातीचें एक दार हिशेबांत दोन धरलें जाई. मग प्रत्येक भोंकांत पेनड्राइव्ह घालून कोणतें दार कोठें उघडतें याचा नकाशा करावा लागे.

सर्वांत शिकवून जाणारें दुखणें मात्र घड्याळाचें. प्रत्येक मदरबोर्ड आपल्या अंगावरील उपकरणांची एक यादी प्रणालीच्या हातीं देतो. तिला डीएसडीटी म्हणतात. ही यादी विंडोजपुरती लिहिलेली असल्यामुळें तींत ढिलाई असे, आणि विंडोज ती पोटांत घाली. पुष्कळ याद्यांत घड्याळाच्या जागेची लांबी चार अशी नोंदलेली होती. मॅक प्रणाली ती खरी धरून तितक्या जागेंत लिही आणि शेजारची बायोसची टांचणवही बिघडे. यंत्र झोपवून उठवलें किंवा पुन्हां सुरू केलें, कीं बायोसमधील सर्व मांडणी पुसून तें कोरें! लोकांनीं मदरबोर्ड बदलले, घड्याळाची बॅटरी बदलली. औषध एवढेंच निघालें कीं यादींत चाराच्या जागीं दोन लिहावें.

अशी घरगुती खटपट चालू असतांना एप्रिल २००८ मध्यें फ्लोरिडा प्रांतांतील सायस्टार नांवाच्या कंपनीनें तयार हॅकिंटॉशच विक्रीस काढला. किंमत ३९९ डॉलरपासून पुढें; त्या वेळीं ॲपलचा सर्वांत स्वस्त मॅक ५९९ ला होता. जुलैमध्यें ॲपलनें कॅलिफोर्नियांत दावा लावला. प्रणालीच्या परवान्यांत ती ॲपलच्या शिक्क्याच्या यंत्रावरच चालवावी अशी अट होती. सायस्टारचें म्हणणें, आम्ही प्रत्येक यंत्राबरोबर प्रणालीची विकत घेतलेली प्रत देतों. विकत घेतलेल्या वस्तूचें आम्ही कांहींहि करूं. ऐकणाऱ्याला हें सरळ वाटतें. परंतु चौकशींत निघालें कीं गिऱ्हाइकाला मिळणारी तबकडी बंद पाकिटांतच राही, आणि यंत्रावर चढे ती एका मॅकवर बदल करून बनविलेल्या मूळ प्रतीची नक्कल. म्हणजे पुस्तक विकत घेऊन कपाटांत ठेवावयाचें आणि छापून वांटावयाची दुसरीच प्रत. १३ नोव्हेंबर २००९ रोजीं न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनीं सायस्टारविरुद्ध निकाल दिला, डिसेंबरांत कायमची मनाई झाली, सप्टेंबर २०११ मध्यें अपील फेटाळलें गेलें, आणि मे २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तथापि एक गोष्ट नजरेआड करूं नये: खटला नकला करून विकणाऱ्यावर झाला. एकाच घरांत, एकाच यंत्रावर, विकत घेतलेली प्रत चालविणारा हौशी मनुष्य त्या न्यायालयापुढें उभा नव्हता. परवान्याच्या शब्दांप्रमाणें तोहि चुकलेलाच. पण दिव्याचा मूळ प्रश्न त्याच्यापुरता कोणीं सोडविला नाहीं.

आणि हे हौशी लोक सगळेच कवडीचुंबक होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१३ चा गोल नळकांड्यासारखा मॅक प्रो जवळजवळ सहा वर्षें तसाच राहिला. उष्णतेच्या रचनेंत आपण कोंडींत सांपडलों हें कंपनीच्या अधिकाऱ्यांनींच २०१७ सालीं कबूल केलें. चित्रपटांची जोडणी किंवा संगीताचें मुद्रण करून पोट भरणाऱ्यांना जोरदार यंत्र हवें होतें आणि हातांतली प्रणाली सोडवत नव्हती. पैसे देण्याची तयारी असूनहि पाहिजे ती वस्तु दुकानांत नाहीं, ही त्यांची अडचण होती.

२२ जून २०२० रोजीं ॲपलनें इंटेललाहि रजा दिली आणि नोव्हेंबरांत आपल्या स्वतःच्या एम १ चिपेचीं यंत्रें काढलीं. पाडलेली तटबंदी पुन्हां उभी राहिली, आणि या वेळीं तिचा दगडहि कंपनीच्याच खाणींतला. जून २०२५ मध्यें कंपनीनें सांगितलें कीं ‘टाहो’ ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ति. त्यानंतर तीन वर्षें फक्त सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळतील. त्या आवृत्तीला इंटेलचे चारच प्रकारचे मॅक चालतात: २०१९ चे दोन आणि २०२० चे दोन. घरीं जुळविलेल्या संगणकाला सोंग घेण्यासाठीं तेवढींच चार नांवें उरलीं आहेत.