औष्णिक वीज केंद्रातील उष्णता व पाणी यांचे गणित

दिल्लीच्या दक्षिण सीमेवरील बदरपूर औष्णिक वीज केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. ७०५ मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राने १९७० च्या दशकापासून राजधानीला वीज पुरविली. त्याला लागणारे पाणी यमुनेतून निघणाऱ्या आग्रा कालव्यातून येत असे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील दादरी येथे २१० मेगावॅटचे चार आणि ४९० मेगावॅटचे दोन असे कोळशावर चालणारे एकूण १,८२० मेगावॅटचे संच उभारण्यात आले. अशी केंद्रे कालव्याच्या किंवा नदीच्या काठी का उभारावी लागतात आणि त्यांना किती पाणी लागते, हे उष्णता संक्रमण व द्रवप्रवाह यांच्या गणितावरून ठरते.

उष्णतेचा हिशेब

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ केली जाते. ही वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते व ते बॉयलरकडे परत जाते. हे चक्र स्कॉटलंडचे अभियंते विल्यम रँकिन यांच्या नावाने ओळखले जाते.

विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००४ ते २००९ या काळासाठी २१० मेगावॅटच्या संचाला एका युनिटमागे २,५०० किलोकॅलरी उष्णतेचा निकष ठरविला होता. म्हणजे जाळलेल्या कोळशातील सुमारे ३४ टक्के उष्णतेचीच वीज होते. सुमारे १५ टक्के उष्णता बॉयलरमध्ये व चिमणीवाटे वाया जाते असे धरले, तर उरलेली निम्मी उष्णता, म्हणजे युनिटमागे सुमारे १,२६५ किलोकॅलरी, कंडेन्सरमधील थंड पाण्याला द्यावी लागते.

पूर्ण क्षमतेने चालणारा २१० मेगावॅटचा संच तासाला २ लाख १० हजार युनिट वीज निर्माण करतो. त्यामुळे ताशी सुमारे २६ कोटी ५० लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकणे भाग असते. कंडेन्सरमधून जाताना पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरविले, तर ताशी सुमारे २६,५०० टन पाणी फिरवावे लागते.

कंडेन्सरमधील तापमान

कंडेन्सरमध्ये जवळजवळ निर्वात स्थिती राखली जाते. तेथील दाब वातावरणाच्या सुमारे एक दशांश असतो आणि या दाबाला वाफ ४६ अंश सेल्सिअसला द्रवरूप होते. नळ्यांमध्ये ३० अंशांचे पाणी शिरून ४० अंशांचे होऊन बाहेर पडत असेल, तर वाफ व पाणी यांच्या तापमानातील फरक एका टोकाला १६ अंश व दुसऱ्या टोकाला ६ अंश असतो. येथे साधी सरासरी चालत नाही, लॉगॅरिदमवर आधारित सरासरी काढावी लागते. ती सुमारे १०.२ अंश येते. या सरासरीवरून नळ्यांचे एकूण क्षेत्रफळ किती हवे ते ठरते. वाफ थंड पृष्ठभागावर पातळ थराच्या रूपाने कशी साकळते, याचे मूळ गणित जर्मन अभियंते विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये मांडले.

येणारे पाणी ३४ अंशांचे झाले, तर तेवढीच उष्णता देण्यासाठी वाफेचे तापमान ५० अंशांपर्यंत चढते. दाब सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि टर्बाइनला मिळणारे काम घटते. नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसल्यासही परिणाम असाच होतो, कारण चुनखडीच्या थराची उष्णतावाहकता पितळेच्या तुलनेत सुमारे पन्नास पटींनी कमी असते.

प्रवाहाचा वेग

पाण्याचा वेग वाढविणे हा त्यावरील सोपा उपाय वाटतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक सुमारे ७० हजार येतो. हा अंक चार हजारांपेक्षा अधिक असला की प्रवाह खळबळीचा होतो व उष्णता वेगाने शोषली जाते. ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये प्रयोगांनी हा भेद दाखवून दिला. तथापि, वेग दुप्पट केल्यास नळीच्या आतील बाजूची उष्णता संक्रमणाची क्षमता सुमारे पावणेदोन पट होते, तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट जवळजवळ चौपट आणि पंपांना लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. ही शक्ती केंद्रातील विजेतूनच द्यावी लागत असल्याने वेगाला मर्यादा घालावी लागते.

दिल्लीची हवा

कंडेन्सरमधून आलेले गरम पाणी शीतकरण मनोऱ्यात हवेच्या संपर्काने थंड केले जाते. पाणी किती थंड होईल हे हवेच्या ओल्या तापमानावर, म्हणजे ओल्या कापडाने गुंडाळलेल्या तापमापीवरील नोंदीवर अवलंबून असते. मे महिन्यात ४३ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना ही नोंद सुमारे २५ अंश येते. जुलैत ३४ अंश व ७५ टक्के आर्द्रता असताना ती ३० अंशांवर जाते. त्यामुळे उत्तर भारतातील शीतकरण मनोऱ्यांची खरी कसोटी उन्हाळ्यातील लूपेक्षा पावसाळ्यातील दमट हवेत लागते.

मनोऱ्यातील सुमारे ८० टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते असे मानले, तर वरील संचातून ताशी सुमारे ३६५ टन पाण्याची वाफ होते, म्हणजे एक हजार युनिटमागे सुमारे पावणेदोन घनमीटर. क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागते, तो खर्च वेगळा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या केंद्रांसाठी एक हजार युनिटमागे साडेतीन घनमीटरची मर्यादा घातली.

चुकीची किंमत

उष्णतेचा वापर केवळ एक टक्क्याने वाढला, तरी युनिटमागे २५ किलोकॅलरी जादा लागतात. २१० मेगावॅटचा संच दिवसाला ५० लाखांहून थोडी अधिक युनिट वीज देतो. किलोमागे ३,५०० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा वापरल्यास त्यासाठी दररोज सुमारे ३६ टन अधिक कोळसा जाळावा लागेल.

पाण्याच्या टंचाईचे परिणाम महाराष्ट्राने अनुभवले आहेत. २०१३ च्या दुष्काळात परळी येथील औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोराडी केंद्रासाठी नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची योजना राबविण्यात आली. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानेही सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. मात्र अशा पाण्यातील क्षार व सेंद्रिय द्रव्ये नळ्यांवर थर धरतात. त्यामुळे नदीचे पाणी वाचविताना पाण्याची शुद्धता, नळ्यांची सफाई आणि उष्णता संक्रमण यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.