दहा आकड्यांची मुदत

हरलेल्या माणसाचे वर्णन करायचे झाले की मराठीत शब्द आखाड्यातून येतात. चीतपट केले, अस्मान दाखवले, लोळवले. सगळ्यांचा मथितार्थ एकच, जो पडला तो संपला. बॉक्सिंगच्या जुन्या लढतींची टिपणे काढताना हे शब्द मला अपुरे पडू लागले. तिथे पडलेला माणूस लगेच हरत नाही. पंच दहा आकडे मोजतो आणि तेवढ्यात तो उठला तर लढत पुढे चालू होते. पडूनही न थांबलेल्या अशा लढवय्यांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला प्रश्न पडला तो निराळाच. उठायला वेळ देण्याची ही रीत आली कुठून, आणि तो वेळ प्रत्येकाला मिळतो का?

इंग्लंडात उघड्या मुठींनी लढत, त्या काळी कुणी पडला की फेरीच संपे. 1838 च्या लंडन नियमांप्रमाणे पडलेल्याला अर्धा मिनिट विश्रांती मिळे आणि मग आठ सेकंदांत स्वतःच्या पायांनी मधल्या रेघेपर्यंत यावे लागे. 1867 मध्ये मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने नवे नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्याला दहा सेकंद. त्याने कुणाचा हात न धरता उठायचे. त्याच नियमात आणखी एक अट होती. तोवर प्रतिस्पर्ध्याने आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबायचे. वाचताना ही अट किरकोळ वाटते, पण सगळा न्याय तिच्यातच आहे.

ती पाळली नाही की काय होते, हे 4 जुलै 1919 रोजी अमेरिकेत टोलेडो इथे दिसले. जॅक डेम्प्सीने जगज्जेत्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. विलर्ड सहा वेळा उठला, सातव्या वेळी फेरी संपल्याच्या घंटेने तो वाचला. पण डेम्प्सी शेजारीच उभा राही आणि तो गुडघ्यावरून उठतो न उठतो तोच पुढचा ठोसा हाणी. तिसऱ्या फेरीनंतर विलर्डने लढत सोडली. आठ वर्षांनी, 22 सप्टेंबर 1927 रोजी शिकागोत, तोच डेम्प्सी जीन टनीसमोर होता. सातव्या फेरीत टनी कोसळला. आता तटस्थ कोपऱ्याचा नियम कडक झाला होता. डेम्प्सी तिथे जायला रेंगाळला आणि तो जाईपर्यंत पंचाने मोजणी सुरू केली नाही. टनीला दहाऐवजी सुमारे चौदा सेकंद मिळाले. तो नऊ म्हणताना उठला आणि गुणांवर जिंकला. 1958 मध्ये माँट्रियलला आर्ची मूर पहिल्या फेरीत तीनदा आणि पाचव्या फेरीत एकदा पडला. अकराव्या फेरीत त्यानेच यव्हाँ ड्युरेलला बाद केले. विलर्ड काही मूरपेक्षा कमी चिवट नव्हता. त्याला उठू देणारा नियम मात्र त्या दिवशी रिंगणात नव्हता.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण कुस्तीत सापडते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दीर्घकाळ झुंजून गुणांवर हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा खेळाडूचा हक्क होता. तरी त्यांना लागलीच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हविरुद्ध उतरायला सांगण्यात आले. हक्क मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. ब्राँझपदक मिळाले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पण तो अर्धा तास कोणत्याही पदकतालिकेत दिसत नाही.

हे सारे मी तलासरी तालुक्यात बसून लिहितो आहे, म्हणून झरीची गोष्ट टाळता येत नाही. त्या काळी झरी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होती, आज ती पालघर जिल्ह्यात आहे. या पट्ट्यात वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचली आणि ‘लग्नगडी’ होई. मग नवराबायको दोघेही जमीनदाराच्या कामाला जुंपली जात आणि कर्ज काही फिटत नसे. एकदा पडले की वर मोजणाराच नाही, आणि पाडणारा कोपऱ्यात जाणार नाही. विलर्डची ती पहिली फेरी इथे पिढ्यान् पिढ्या चालली होती.

23 मे 1945 रोजी झरीला हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. वेठ करायची नाही आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. चळवळ तिथेच संपेल असे वाटणारे थोडे नसतील. पण 1946 मध्ये गवतकापणीच्या दरासाठी वारल्यांनी पुन्हा संप केला.

बॉक्सिंगची उपमा इथे पुरती बसत नाही, हे मला कळते. रिंगणात दोघे एकाच वजनगटातले असतात, नियम दोघांना एकच असतो आणि पंच कुणाचा नोकर नसतो. झरीच्या लोकांना यातले काहीच मिळाले नव्हते. समोरच्याला मागे सरकायला लावणारा नियम त्यांना स्वतःच, सगळ्यांनी मिळून घालावा लागला.

म्हणून त्या ठरावातला ‘रोख’ हा शब्द मला बारा आण्यांपेक्षाही मोलाचा वाटतो. मजुरी कर्जात वळती झाली की माणूस पडलेलाच राहतो. तीच संध्याकाळी हातात पडली, की उद्या सकाळी कुणाच्या शेतावर जायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते. सहा वेळा उठूनही विलर्डला एवढी उसंत मिळाली नव्हती.