सहा महिन्यांचा कोर्स, सहा महिन्यांचा हंगाम

टीबीचा इतिहास आपल्याला नेहमी औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८८२ साली कॉखने जंतू दाखवला, १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसीन आले, संपला विषय. (स्ट्रेप्टोमायसीन प्रयोगशाळेत प्रत्यक्ष वेगळे काढणारा अल्बर्ट शाट्झ हा विद्यार्थी होता. नोबेल मात्र १९५२ साली त्याच्या प्राध्यापकाला, एकट्या वाक्समनला मिळाले. राबणारा एक आणि मानकरी दुसरा, हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नये.) आमचे म्हणणे असे की औषध सापडणे हा अर्धाच इतिहास आहे. ते औषध कोणाच्या हातात पडले, किती महिने पडत राहिले आणि मध्येच का थांबले, हा उरलेला अर्धा. तो आपण लिहिला नाही तर कोणी लिहिणार नाही.

औषध येण्याआधी टीबीवर उपाय होता सॅनेटोरियम. थंड हवा, दूध, अंडी आणि वर्षवर्षभर पडून राहणे. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाला हे परवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या खुराड्यासारख्या घरात. दोघांना एक वर्ष तीच औषधे. १९५९ मध्ये निकाल आला : घरी राहिलेले, कमी खाल्लेले, लवकर कामाला लागलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमे या निकालाने रिकामी होऊ लागली. आम्ही या अभ्यासाला गरिबांच्या बाजूचा मोठा निकाल मानतो. पण सरकारने त्यातून सोयीचा अर्थ काढला, की गोळी दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली. रुग्णाच्या ताटात काय आहे आणि आजारपणात त्याची मजुरी कोण देणार, हे प्रश्न पुढची कित्येक दशके कोणी विचारलेच नाहीत.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाचा उपचार वर्ष-दीड वर्षाचा, सुरुवातीचे महिने सुयांचे. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला त्यांना माहीत आहे की बरे होणे किती सावकाश असते. महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, अंगावर थोडे मांस चढते. इथेच फसगत होते. माणसाला बरे वाटते, पण जंतू मेलेला नसतो. उरलेले महिने गोळ्या घ्यायच्या त्या जवळजवळ निरोगी वाटणाऱ्या अंगाने : मळमळ सोसत, सांधे दुखत, लघवी लालसर होते म्हणून घाबरत. कोर्स संपल्यावरही फुप्फुसावरचे व्रण राहतात, चढ चढताना दम लागतो. त्यात घरात वेगळा पेला, वेगळी ताटली. शिवाशिव पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या आपल्या घरांतही आजारी माणसाचे भांडे बाजूला ठेवले जाते, हे बोलायला आपण लाजतो. औषध नियमित सुरू झाल्यावर लागण झपाट्याने कमी होते, आणि हा आजार खोकल्यावाटे हवेतून पसरतो, भांड्यातून नाही.

याच काळात आपल्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, एक वेगळा प्रयोग उभा राहिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथे आले. लगेच दुष्काळ पडला, १९७२ चा. बोअरवेल घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आग्रह धरला की हातपंप दलित वस्तीत बसवायचे. पाणी हवे असेल तर गावाने वस्तीत यायचे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली आपण पाण्यापर्यंत चालत गेलो होतो; इथे गावाला आपल्या दारी चालत यावे लागले. आरोग्याच्या पुस्तकात ही गोष्ट पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात सापडते, आम्ही ती सामाजिक इतिहासात वाचतो.

दुसरी गोष्ट गावच्या आरोग्य कार्यकर्तीची. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात रमत नाहीत म्हटल्यावर गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित. आठवड्याला जामखेडला यायचे, सगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे आणि परत गावात जायचे. टीबी आणि कुष्ठरोगासाठी वेगळा दवाखाना न काढता हे काम रोजच्या आरोग्यकामातच मिसळले होते, त्यामुळे रुग्णावर शिक्का बसत नसे. खोकणारा माणूस हेरणे, त्याला तपासायला पाठवणे, गोळी चालू आहे ना हे दारात जाऊन बघणे हे काम करणारी बाई त्याच गल्लीतली. कालपर्यंत जिचा स्पर्श नको होता, तिच्या शब्दावर सवर्ण घरातले औषध सुरू राहू लागले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांची नावे किती जणांना सांगता येतील?

जामखेडचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही एक आठवण करून देतो. खर्डा हे गाव याच जामखेड तालुक्यात आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली, साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. हातपंपाने जात थोडी वाकते, मोडत नाही.

आता आजचे बोलू. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, कर्जतकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा हंगामही साधारण तेवढाच. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता निघतो. मुकादमाच्या हिशेबात एका दिवसाचा खाडा म्हणजे पैसे कापले गेले. टीबीच्या हिशेबात खाडे पडले म्हणजे जंतूला औषध पचवायला शिकवले आणि साध्या टीबीची एमडीआर टीबी होण्याची वाट मोकळी केली. फडावर पहाटे निघून रात्री कोपीवर परतणारा माणूस दवाखान्याच्या वेळेत दवाखान्यात जाणार कसा? मग कागदावर शेरा पडतो : 'रुग्णाने उपचार सोडला'. रुग्णाने सोडला की हंगामाने सोडवला, हे त्या रकान्यात लिहायला जागा नसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल (१९४४) आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. त्यातून टीबी झालेल्या कारखाना कामगाराला दीर्घकाळ आजार भत्ता मिळू लागला. आजारी माणसाला औषधासोबत मजुरीही हवी, हे तत्त्व कायद्यात आले. पण साखर कारखाना हंगामी म्हणून त्या कायद्यातून वगळला गेला, आणि त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा तर त्यात बसलाच नाही. तो 'मुकादमाचा माणूस'.

अन्नाचेही तसेच. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना पुरेसा शिधा दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली सिद्ध झाले. आपले सरकार २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत महिना ५०० रुपये देत होते, २०२४ च्या अखेरीस ते १००० केले. हजार रुपयांत महिनाभराची डाळ, अंडी, तेल कसे बसवायचे, हे योजना लिहिणाऱ्यांनी एकदा नगरच्या बाजारात येऊन दाखवावे. तोवर पैसे खात्यात आले का, हे वस्तीवरच्या प्रत्येक रुग्णाला विचारायचे काम आपले आहे.

निक्षयची नोंद देशभर चालते. रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याचा उपचार तिकडच्या सरकारी केंद्राकडे वर्ग करता येतो. म्हणून टोळ्या निघण्याआधी तीन गोष्टी करा : गावात कोणाचा कोर्स चालू आहे ते आशाताईंकडून समजून घ्या, पण रुग्णाच्या परवानगीशिवाय नाव चारचौघांत घेऊ नका, कोणत्या कारखान्याला चालले ते विचारून उपचार तिकडे वर्ग करायला लावा, आणि वाटेत पुरतील इतक्या गोळ्या पिशवीत आहेत का ते गाडी निघण्यापूर्वी बघा. यंदाच्या उचली सुरू व्हायच्या आत हे व्हायला हवे.

जय भीम!